मेंदूची शीर अरुंद, डोक्यात प्रेशर जास्त: रिपोर्ट हातात आल्यावर काय काय करायचं

एमआरव्हीच्या (मेंदूच्या शिरांच्या स्कॅनच्या) रिपोर्टात शेवटी दोन-चार ओळी असतात, त्यात कुठंतरी "ट्रान्सव्हर्स सायनस स्टेनोसिस", म्हणजे डोक्याच्या मागची मोठी शीर अरुंद झालीय, असं लिहिलेलं असतं आणि घरात लगेच रडारड सुरू होते, मेंदूची नस बंद पडली, आता ऑपरेशनच, वावर विकावं लागतंय का काय. मी परभणीकडची, शाळेत शिकवते, डॉक्टर नाही, पण डोक्यातलं प्रेशर वाढायचा हा आजार मला स्वतःला आहे आणि आता नांदेड, हिंगोली, बीड, लातूरकडच्या बायकांचे, त्यांच्या नवऱ्यांचे, भावांचे फोन येत राहतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, स्टेंट (शीर उघडी ठेवायची जाळीची नळी) टाकायचा का. त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहायलेय. या आजारात जपायचे आहेत ते डोळे. डोकं दुखणं भयंकर असतं, मला माहितीय, पण दुखणं येतं जातं, गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून गोळी किती, स्टेंट हवा का नको, घाई करायची का थांबायचं, हे सगळं डोळ्याच्या तपासणीवरून ठरतं. शिरेचा फोटो त्याच्यानंतर.

आत नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या

मेंदूभोवती पाणी असतं, सीएसएफ म्हणतात त्याला. दिवसाला साधारण ५०० मिली नवीन तयार होतं आणि एका वेळी आत असतं १५० मिलीच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं पाणी बदलतं. जुनं पाणी मेंदूच्या आवरणातल्या मोठ्या शिरांमध्ये जिरतं आणि त्या शिरा डोक्याच्या मागून, कानामागून वळून मानेतून खाली हृदयाकडं जातात. आता विहिरीवरची मोटार चालूच आहे आणि पुढं पाईप कुठंतरी दबला तर मागं प्रेशर वाढणारच, तसंच हे. फरक एवढाच की कवटीचं हाड फुगत नाही, त्यामुळं तो दाब जिथं वाट मिळंल तिथं जातो, आणि डोळ्याच्या नसेभोवतीचं आवरण मेंदूच्या आवरणाला जोडलेलं असल्यामुळं पाणी थेट डोळ्याच्या मागं येऊन नस सुजवतं.

पण यात एक गुंता आहे आणि तो समजला की अर्धी भीती जाते. शीर अरुंद आहे म्हणून प्रेशर वाढतं, हे खरंच, पण प्रेशर वाढल्यामुळंही शीर बाहेरून दाबली जाते आणि अरुंद दिसते. दोन्ही एकमेकांना वाढवत राहतात. काही जणांची शीर आतूनच अडलेली असते, आत एखादा पडदा किंवा गाठीसारखा उंचवटा असतो, आणि बऱ्याच जणांची बाहेरच्या दाबानं चेपलेली असते, हेच पाणी पाठीतून काढल्यावर तीच शीर पुन्हा उघडलेली दिसते. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००३ साली छापलेल्या अभ्यासात या आजाराच्या २९ रुग्णांपैकी २७ जणांच्या दोन्ही बाजूंच्या शिरा अरुंद झालेल्या होत्या. म्हणजे तुमच्या रिपोर्टात ती ओळ येणं हे या आजारात नेहमीचंच आहे, तुमचंच काही वेगळं जास्त बिघडलंय असं त्यावरून ठरत नाही. आणि उलटं पण आहे, बऱ्याच चांगल्या माणसांची डावी शीर जन्मापासूनच बारीक असते, उजवीकडून काम चाललेलं असतं, त्याला काहीच करायचं नसतं.

फाईलवर आयआयएच (इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन, म्हणजे दुसरं कारण न सापडता डोक्यातलं प्रेशर वाढणं) किंवा स्यूडोट्यूमर सेरेब्री असं लिहिलेलं दिसंल, दोन्ही एकच. मेंदूत गाठ नाही, कॅन्सर नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून नीट सांगा नाहीतर गावभर वेगळंच पसरतं.

कोणत्या लक्षणांवर संशय घ्यायचा

डोकं तर दुखतंच, सकाळी उठल्यावर जास्त, खोकलं, शिंकलं, वाकलं की वाढतं, मान आणि खांदे पण धरतात. आमच्याकडं यावर तीन ठरलेली उत्तरं आहेत, पित्त झालंय, चष्म्याचा नंबर वाढलाय, मानेचा मणका आहे. मग वर्षभर पित्ताच्या गोळ्या, मानेला पट्टा, आणि रोज एक दुखण्याची गोळी. त्यामुळं डोकेदुखीपेक्षा या बाकीच्या गोष्टी विचारा. खुरपताना, भांडी घासताना, झाडून उठताना दोन-पाच सेकंद डोळ्यापुढं अंधारी येते का, एका किंवा दोन्ही डोळ्यांना, आणि मग आपोआप साफ होतं का. कानात नाडीच्या ठेक्यावर सूं सूं आवाज येतो का, रात्री शांत झाल्यावर जास्त, आणि मान त्या बाजूला वळवली की कमी होतो का. लांबचं बघताना, एसटीचा बोर्ड वाचताना एकाचे दोन दिसतात का, शेजारी शेजारी. यातलं एक जरी डोकेदुखीच्या जोडीला असंल तर पित्ताची गोळी बाजूला ठेवा आणि डोळे दाखवा.

हा आजार जास्त करून २० ते ४५ वयाच्या, वजन वाढलेल्या, त्यातही गेल्या वर्षभरात पटकन वजन वाढलेल्या बायकांना होतो. बारीक बाईला, पुरुषाला, लहान लेकराला होत नाही असं नाही, पण त्यांच्यात डॉक्टरांनी दुसरं कारण जास्त कसून शोधायला पाहिजे, आणि पुरुषांची नजर जाण्याचा धोका बायकांपेक्षा जास्त असतो, म्हणून "हा तर बायकांचा आजार" म्हणून घरातल्या पोराला सोडू नका.

पहिलं काम, डोळ्याचा पडदा

चष्म्याच्या दुकानातली तपासणी यात चालत नाही. डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा आणि नस बघणारे डोळ्याचे डॉक्टर पाहिजेत. संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, या सगळ्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ओपीडीत हे होतं, जालन्याच्या गणपती नेत्रालयाला पण आपल्याकडचे लोक जातात. जाताना सोबत कुणीतरी घ्या, थेंबांमुळं तीन-चार तास धूसर दिसतं, परतीच्या बसमध्ये एकटीनं चढणं अवघड जातं. डॉक्टरांना एवढंच विचारायचं, दोन्ही डोळ्यांच्या नसेला सूज आहे का आणि किती. सूज असंल तर त्याच खोलीत बीपी मोजून घ्या, बीपी खूप वाढलेला असला तरी नस अशीच सुजते आणि त्याचा इलाज वेगळा आहे. कधी कधी नस जन्मापासूनच उंचवट्याची असते, सूज नसते, ते सोनोग्राफीनं कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भिंतीवरचा तक्ता तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सहा बाय सहा आलं, म्हणून डोळे ठीक आहेत असं धरू नका. या आजारात नजर कडेनं जाते. समोरचं स्वच्छ दिसत राहतं आणि बाजूचं हळूहळू मिटत जातं, आणि माणसाला कळतच नाही कारण मान आपोआप वळवून तो भागवून घेतो. दाराच्या चौकटीला खांदा लागायलाय, बाजूनं आलेली मोटारसायकल एकदम समोर दिसायलीय, असं झालं तर ते कडेच्या नजरेचं आहे. यासाठी फील्ड टेस्ट म्हणजे पेरिमेट्री असते, आणि नसेची सूज आकड्यात मोजायला ओसीटी. या दोन तपासण्या आजाराच्या सुरुवातीला एकदा झाल्याच पाहिजेत, नाहीतर सहा महिन्यांनी सुधारलं का बिघडलं हे कशाशी ताडून बघणार.

फील्ड टेस्ट कशी द्यायची हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. एका डोळ्याला पट्टी, डोकं यंत्राच्या भांड्यात टेकवलेलं, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि बाजूला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. बरेच उजेड मुद्दाम इतके मंद असतात की दिसणारच नाहीत, ते न दिसल्याचं टेन्शन घेऊन अंदाजानं बटण दाबत बसलं की रिपोर्ट खराब होतो. रात्रीचा प्रवास करून, उपाशी, झोप न झालेल्या डोळ्यांनी ही टेस्ट देऊ नका, शक्य असंल तर आदल्या दिवशी नातेवाइकाकडं मुक्काम करा. मध्ये डोळा कोरडा पडला तर थांबवा म्हणायचं, थांबवतात. पहिला रिपोर्ट बऱ्याच जणांचा वाईट येतो कारण सवय नसते, म्हणून डॉक्टर परत करायला सांगतात तेव्हा पैसे काढायलेत असं समजू नका.

मग एमआरआय, आणि सोबत एमआरव्ही

साधा एमआरआय एकटा पुरत नाही, शिरांचा एमआरव्ही सोबत पाहिजे, कारण आधी बघायचं असतं ते शिरेत रक्ताची गुठळी आहे का. गुठळी आणि अरुंद शीर यांची लक्षणं सारखी, पण इलाज एकदम वेगळा, गुठळीला रक्त पातळ करायचं इंजेक्शन ताबडतोब लागतं. आपल्याकडं बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यात हे जास्त होतं, बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे, ती खरंच बंद करा. दुसरं म्हणजे गौरी-गणपती, लग्न, वारी, पारायण आलं की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून खाल्ल्या जातात. हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, आणि त्यात उपवास निर्जळी असंल, अंगात रक्त कमी असंल तर अजून. देवाच्या कामात पाळी आली तर आलीच, पण गोळी खाल्ली असंल तर सासूसमोर लाजून डॉक्टरांपासून लपवू नका. डोकेदुखीसोबत फिट आली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ओपीडीची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी. कुणी "बाहेरचं बघा" म्हणत असंल तर ते नंतर बघा, आधी गाडी काढा.

एमआरव्हीचे प्रकार असतात. काँट्रास्टशिवायच्या (शिरेतून औषध न सोडता केलेल्या) एमआरव्हीत रक्ताचा वेग कमी असला तरी शीर तुटलेली दिसू शकते, म्हणून अरुंद आहे का नक्की नाही असं वाटलं तर डॉक्टर काँट्रास्टचा एमआरव्ही सांगतात. त्याच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतात. फिल्म तर घ्याच, पण सीडी किंवा पेनड्राइव्हवर सगळा डेटा मागून घ्या, पुण्याला किंवा हैदराबादला गेलात की पहिलं तेच मागतात आणि नसंल तर परत हजारो रुपये.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की

इथं आपले लोक पळून येतात. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस कंबरेतून जातो" हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. मेंदूपासून निघणारी मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपते, सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये घालतात, तिथं फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे असतात. जर्मनीतल्या हाइनरिख क्विंके या डॉक्टरांनी १८९१ मध्ये ही पद्धत आणली, तेव्हापासून जगभर चालू आहे. आणि ही केल्याशिवाय प्रेशर खरंच किती आहे ते कळायला दुसरा सरळ रस्ता नाही. आधी स्कॅन होऊन मग सुई, हा क्रम मात्र पाळलाच पाहिजे.

कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. सुई बसल्यावर काचेची किंवा प्लास्टिकची उभी नळी लावतात आणि पाणी किती सेंटीमीटर चढतं ते बघतात. त्या वेळी श्वास रोखला, रडलं, पोट आवळून धरलं तर आकडा खोटाच वाढतो, म्हणून आकडा वाचायच्या आधी पाय हळूच सरळ करून सैल पडायचं, हळू श्वास घ्यायचा. मोठ्या माणसात २० पर्यंत नॉर्मल, २० ते २५ मधलं धूसर, आणि २५ किंवा वर असंल तर वाढलेलं धरतात. हा आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, हक्कानं मागा. "एलपी केली" (लंबर पंक्चर, म्हणजे हीच पाठीतली सुई) एवढंच लिहिलेलं असतं, आकडा नसतो, आणि मग पुढच्या डॉक्टरला परत सुई घालावी लागते. पाण्याची तपासणी पण होते, त्यात पेशी आणि प्रोटीन नॉर्मल आले म्हणजे मेंदूज्वर, टीबी असलं काही नाही.

नंतर एक-दोन दिवस उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, ते सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्यामुळं असतं, चहा-कॉफी, पाणी, आराम. चार-पाच दिवस झाले तरी बसवत नसंल किंवा ताप आला तर फोन करा.

खाल्लेल्या गोळ्यांची यादी काढा

घरात बसून, सगळी पाकिटं समोर घेऊन यादी करा. पिंपल्ससाठीची आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन, व्हिटॅमिन ए चे जास्त डोस, यांनी डोक्यातलं प्रेशर वाढू शकतं. आणि आपल्याकडचं मोठं प्रकरण म्हणजे स्टेरॉइड. सांधेदुखीसाठी, दम्यासाठी, "अंगात ताकद येते" म्हणून गावातल्या कुणाकडून पुडीतल्या गोळ्या खाल्लेल्या असतात, चेहरा फुगतो, वजन वाढतं, आणि मग एकदम बंद केल्या की प्रेशर चढतं. पुडी असंल तर पुडी घेऊन जा. यासोबत हिमोग्लोबिन करा, रक्त कमी असलं तरी हा आजार होतो, आणि रात्री जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकत असंल तर तेही सांगा.

डायमॉक्स, आणि पाणी प्यायचा प्रश्न

पहिलं औषध बहुतेकांना ॲसेटाझोलामाइड, आपण डायमॉक्स म्हणतो. ते पाणी तयार होण्याचा वेग कमी करतं. अमेरिकेत १६५ रुग्णांवर मोठी ट्रायल झाली, २०१४ मध्ये निकाल आला, नजर थोडीशीच गेलेल्या लोकांमध्ये वजन कमी करायच्या कमी मिठाच्या जेवणासोबत ही गोळी दिली तर नुसत्या जेवणापेक्षा फील्ड जास्त सुधारलं. तिथं दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत डोस नेला होता, आपल्याकडं कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि वाढवणं-कमी करणं डॉक्टरांनीच करायचं.

बोटांना, ओठांना, पायांना मुंग्या येतात, मला तर खडू धरताना हात आपला नाही असं व्हायचं, सोडा किंवा कोल्ड्रिंक तोंडात घेतलं तर धातू चाटल्यासारखी चव लागते, थकवा येतो. मुंग्या आल्या म्हणून लकवा मारायला लागलाय असं समजून गोळी बंद करू नका. सल्फाची ॲलर्जी, किडनीचा त्रास, आधी मुतखडा झालेला, पोटात बाळ, यातलं काही असंल तर सुरू करायच्या आधीच सांगायचं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मधून मधून तपासावं लागतं.

खरी अडचण वेगळीच. ही गोळी लघवी वाढवते आणि मुतखडा करू शकते, त्यामुळं पाणी भरपूर प्यायला पाहिजे, आणि आपल्याकडच्या बायका पाणी पीतच नाहीत कारण जायला जागा नसते. शाळेत बाथरूमला कुलूप, एसटी स्टँडवरचं बघवत नाही, वावरात दिवसभर गडी माणसं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर आणि बाई सकाळी दोन घोट पिऊन निघते ती संध्याकाळी घरीच पिते. डायमॉक्सवर असताना हे चालणारच नाही. म्हणून घरात, शाळेत, कामावर स्पष्ट बोला. मी आमच्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, औषध चालू आहे, बाथरूमची किल्ली माझ्याकडं राहील. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ पुढं-मागं करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा येते. लघवी पिवळीधमक दिसली की पाणी कमी पडलं. कंबरेतून जांघेकडं कळ आली, लघवीला लाल झालं तर लगेच दाखवा.

डायमॉक्स सोसत नसंल तर टोपिरामेट देतात, त्यानं भूक आणि वजन पण उतरतं, पण गर्भाला ते घातक आहे आणि जास्त डोसमध्ये गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करू शकतं, लग्न ठरलेल्या किंवा बाळाचा विचार करणाऱ्या मुलींनी हे आधी बोलून घ्यावं. दुखण्याच्या गोळ्या आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त होऊ देऊ नका, रोज खाल्ल्या की त्या गोळ्यांचीच डोकेदुखी वेगळी लागते.

वजन

यावर बायकांना नुसते टोमणे ऐकवले जातात, म्हणून सरळ आकड्यात सांगते. ८० किलोच्या बाईचं ५ टक्के म्हणजे ४ किलो, एवढ्यानंही फरक दिसायला लागतो, आणि आजार शांत व्हायला १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १२ किलोपर्यंत उतरवावं लागू शकतं. वेळ लागतो, वर्ष पण लागंल. ज्वारीची भाकरी सोडायची काही गरज नाही, भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक हे तर चांगलंच. जातंय कुठं ते बघा, दिवसातले पाच-सहा गोड चहा, चहासोबत खारी-टोस्ट, संध्याकाळचा चिवडा-फरसाण, उपवासाची शेंगदाणे आणि तुपातली साबुदाण्याची खिचडी, आणि रात्री दहाला जेवून झोपणं. पापड, लोणचं, फरसाण कमी केलं की मीठ पण कमी होतं. व्यायामात डोकं खाली करायचे प्रकार, जोर काढून वजन उचलणं सुरुवातीला टाळा, सकाळी लवकर चालणं सगळ्यात सोपं. वजन फार जास्त असंल तर बॅरिअॅट्रिक सर्जरीचा (वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनचा) विचार करता येतो, २०२१ मध्ये आलेल्या इंग्लंडच्या ट्रायलमध्ये नुसत्या डाएट क्लबपेक्षा सर्जरीनं डोक्यातलं प्रेशर जास्त उतरलं. घरच्यांनी वेगळं जेवण करून देण्यापेक्षा सगळ्यांनीच तेच खाल्लं तर जमतं, एकट्या बाईला डाएट आणि बाकीच्यांना भजी असं कधीच टिकत नाही.

स्टेंट कधी

आता तो प्रश्न. गोळी आणि वजन करूनही नजर उतरत चाललीय, किंवा गोळ्या अजिबात सोसत नाहीत आणि सूज तशीच आहे, किंवा नजर इतक्या वेगानं चाललीय की थांबायला वेळच नाही, तेव्हा. नुसत्या रिपोर्टातल्या ओळीवर नाही. डोळ्याला सूज नाही, फील्ड नॉर्मल आहे, फक्त डोकं दुखतं आणि शीर अरुंद, अशा वेळी कुणी पहिल्याच भेटीत स्टेंटची तारीख देत असंल तर दुसरं मत घ्याच.

आधी एक वेगळी तपासणी व्हायला पाहिजे, ती विचारा. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी मेंदूच्या शिरेपर्यंत नेतात आणि अरुंद जागेच्या अलीकडं आणि पलीकडं रक्ताचं प्रेशर मोजतात. दोन्हीत साधारण ८ एमएमएचजी किंवा जास्त फरक असंल तरच ती जागा खरंच अडवायलीय असं बहुतेक ठिकाणी धरतात. ही मोजणी शक्यतो जागेपणी करतात कारण भूल दिली की आकडे बदलतात. फरक नसंल तर स्टेंटचा उपयोग होण्याची शक्यता कमी. तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: ग्रेडियंट (म्हणजे हा प्रेशरचा फरक) किती आला, असे स्टेंट तुम्ही वर्षाला किती टाकता, शंट (जास्तीचं पाणी पोटाकडं वळवणारी नळी) किंवा डोळ्याच्या नसेच्या आवरणाला खिडकी पाडायचं ऑपरेशन माझ्यासाठी का नको, आणि परत अरुंद झालं तर पुढं काय.

मेंदूच्या शिरेत या आजारासाठी स्टेंट टाकल्याचं पहिल्यांदा २००२ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी छापलं, म्हणजे पद्धत तशी नवीच, पण आता हैदराबाद, पुणे, मुंबईला नियमित होते. ज्यांना खरंच गरज असते त्यांच्यात नसेची सूज आणि कानातला आवाज चांगला जातो, कानातला तर काही जणांचा टेबलावरून उतरेपर्यंत गेलेला असतो. डोकेदुखीची गॅरंटी मात्र कुणी देऊ नये, ती राहू शकते. धोके कमी आहेत पण आहेत, रक्तस्राव, स्टेंटमध्ये गुठळी, आणि स्टेंटच्या शेजारची जागा परत चेपणं. नांदेडच्या एका ताईंचा हैदराबादला स्टेंट झाला, त्यांना नंतर काही दिवस त्याच बाजूचं डोकं ठणकत होतं, घरचे घाबरले, पण स्टेंट शिरेला ताणतो म्हणून तसं होतं आणि ते कमी होतं.

स्टेंटच्या काही दिवस आधीपासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या) सुरू करतात आणि नंतर काही महिने दोन्ही, मग एक पुढं बराच काळ. या गोळ्या एक दिवस पण चुकवायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका तिथंच. गावाकडं मेडिकलमध्ये मिळंल का ते आधी बघा, नाहीतर दोन महिन्यांचा साठा घेऊनच या. दाढ काढायची असंल, दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलेलं असंल तर ते स्टेंटच्या आधी उरकायचं का नंतर ते आधीच ठरवा. डायमॉक्स चालू असताना ॲस्पिरिन लागणार असंल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत पाहिजेत.

पैसा आणि फाईल

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, पण ते ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या दवाखान्यांतच. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला प्रोसिजरचं नाव डॉक्टरांच्या अक्षरात दाखवून विचारा, हे कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, स्टेंटची किंमत त्यात धरलीय का. नाही म्हणाले तर मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय दवाखान्यातल्या गरिबांसाठीच्या राखीव खाटा, या वाटा आहेत, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आधीच काढून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. राज्याबाहेर हैदराबादला जाणार असाल तर योजना तिथं चालते का हे देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसायच्या आधी विचारायचं.

एक जाड फाईल करा. सगळ्यात वर एका कागदावर तारखेप्रमाणं: वजन, डायमॉक्सचा डोस, एलपीचा आकडा, दोन्ही डोळ्यांची सूज, फील्ड सुधारलं का बिघडलं. डोळ्याचे डॉक्टर एका गावात, न्यूरोचे दुसऱ्या, स्टेंटवाले तिसऱ्या राज्यात, त्यांचं आपापसात बोलणं होत नाही, तो कागदच बोलतो.

हे झालं तर थांबू नका

दोन-चार दिवसांत नजर भराभर कमी होणं, अंधारी काही सेकंदांऐवजी मिनिटं राहणं, नवीन दोन-दोन दिसणं, डोकेदुखीसोबत सतत उलट्या. अशा वेळी पुढच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी बाजूला ठेवून त्याच दिवशी न्यूरो आणि डोळे दोन्ही विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि दारातच "डोळ्याच्या नसेला सूज आहे, प्रेशर वाढल्याचा आजार आहे, नजर चाललीय" एवढं स्पष्ट बोला, "डोकं दुखायलंय" म्हणालात तर रांगेत बसवतील. या वेगानं जाणाऱ्या नजरेत काही दिवसांचाच वेळ असतो, पाण्याला तात्पुरती वाट काढून देणं, शंट, स्टेंट, जे ठरेल ते लवकर व्हावं लागतं.

बाळंतपणाचं विचारतात बऱ्याच जणी. हा आजार आहे म्हणून मूल होऊ द्यायचं नाही असं नाही, नॉर्मल डिलिव्हरी पण होते, फक्त दिवस राहायच्या आधी गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून बदलून घ्यायची आणि नऊ महिन्यांत डोळे नियमित दाखवायचे. आणि सूज गेली, गोळी बंद झाली तरी वजन परत चढलं की आजार परत येतो, म्हणून गोळी बंद झाल्यावरच्या पहिल्या वर्षात तर पडद्याची तपासणी अजिबात चुकवू नका, तेव्हा काही दुखत नसलं तरी.